सहाच्या ठोक्याला नासारियो

"या कॉम्प्युटरवर विंडोज नाही," असं पडद्यावर पुन्हा उमटलं आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या यास्नाला हसूच फुटलं.

"नाही म्हणे! समोर ढळढळीत बसलंय की. काकू, तुमचं विंडोज स्पॅनिश आहे. बॅकअप परत आणणारा हा प्रोग्राम फक्त इंग्रजीच ओळखतो. बाकीचे त्याच्या खिजगणतीतच नाहीत."

"मग सगळं गेलं?" एर्मिंदाकाकूंचा चेहरा पडला. बेटावरचं हे रेडिओ केंद्र त्या आणि त्यांचे यजमान नासारियो चालवत. रोज संध्याकाळी सहाला नासारियो आजूबाजूच्या बेटांवर निरोप पोचवत. जिथे फोन लागत नाही, त्या घरांना तेवढाच आधार.

"जातंय कुठे! दुसऱ्या डिस्कवर इंग्रजी विंडोज चढवते. मग बघा कसा सुतासारखा सरळ येतो."

मफलर गुंडाळलेल्या म्हाताऱ्याने चुलीत लाकूड सारलं आणि तिला माते-चहाचा पेला आणून दिला. केंद्राचा गडी असावा.

"आजोबा, साखर सांडली की काय यात?" यास्नाने छेडलं. तो नुसता हसला.

"घशाला थंडी बाधते त्यांच्या," काकू म्हणाल्या.

"उशीर झालाच तर गाणी माझ्याकडची लावा. बोलायला काका आहेतच."

"गाण्यांनी नाही भागायचं पोरी. वीस वर्षांचं सगळं रेकॉर्डिंग त्यात आहे."

"पण काका येणार ना? कास्त्रो गावात आमची आजी त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय ताट वाढायची नाही. एकदा बघायचंय मला त्यांना."

"तू आधी हे कर."

यास्नाने केलं. इंग्रजी विंडोज दिसताच प्रोग्रामने निमूट ओळख दिली आणि फाइली भराभर परत आल्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांनी लगेच खुर्ची ओढली. निरोपाची एकेक चिठ्ठी बघायच्या, पडद्यावरून छोटे छोटे तुकडे निवडायच्या, जोडायच्या. गाणी लावत असतील, असं यास्नाला वाटलं.

सहा वाजले.

"नमस्कार, माझ्या बेटकरांनो!" तोच भरदार आवाज. "केनाकच्या रोसाल्बा, तुझी आई गुरुवारच्या बोटीने येतेय."

यास्ना हरखून माइककडे वळली. माइकपुढची खुर्ची रिकामी होती.

चुलीपाशी म्हाताऱ्याने मफलर सैल केला होता. गळ्यावर ऑपरेशनचा जुना व्रण होता आणि त्याचे ओठ, आवाजाविना, त्याच शब्दांवर हलत होते.