दारावरचा शिक्का

आई पहिल्यांदाच विमानात बसत होती. आत शिरताना दाराच्या चौकटीवरचा नंबर वाचून तो थबकला, तर मागून आईने विचारलंच, "हे तुमच्याच कारखान्यातलं का रे?"

"हो. या दाराच्या तपासणीवर शिक्काही माझाच आहे," तो पुटपुटला.

झालं! सीटवर टेकते न टेकते तोच आईने शेजारच्या बाईंचा ताबा घेतला. कुठल्याशा विमानाचं दार हवेत उडाल्याची बातमी वाचून त्या आधीच भीतीने गारठल्या होत्या.

"अहो, घाबरताय कशाला? त्या दाराचा बोल्ट न् बोल्ट माझ्या मुलाने तपासलाय. लहानपणी दप्तराचं बक्कलसुद्धा दहादा ओढून बघायचा, असला चिकित्सक मेला!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्याच्याकडे वळून चक्क हात जोडले. पुढच्या रांगेतले दोघेही मागे वळून कौतुकाने हसले. त्याला मात्र मान वर करवेना.

"बघ, तुझ्यामुळे किती जणांना धीर आला," म्हणत आईने मोतीबिंदू काढलेला डोळा पदराने टिपला आणि निवांत झोपून गेली.



त्या डोळ्याच्या ऑपरेशनच्याच दिवशी या दाराची तपासणी होती. रजेवर निघताना आपला शिक्का सहकाऱ्याच्या हातात ठेवून तो म्हणाला होता, "मारून टाक रे, काम अडायला नको."