वाढदिवसाचं खोगीर

"पाय थांबव," ट्वायला म्हणाली. "सगळं टेबल हलतंय."

रॉइसने पाय थांबवला आणि घटकाभरात पुन्हा हलवायला लागला. हट्टाने दाराकडे तोंड करून बसला होता तो. समोरच्या बादलीतल्या शेंगा फोडून टरफलं खाली टाकणं चाललं होतं, पण दाणा काही तोंडात जात नव्हता. रविवारची संध्याकाळ, त्यामुळे निम्मं गाव या हॉटेलात स्टेक खायला लोटलेलं. पलीकडच्या टेबलावर चर्चमधली सँडलिनबाई. तिने दोघांना बघून हात केला आणि लगेच नवऱ्याच्या कानाला लागली.

"ट्रकची टाकी कशाला फुल केलीस?" ट्वायलाने विचारलं.

"केली. त्यात काय एवढं?"

"उद्या माझ्या गाडीने जायचंय आपल्याला."

"माहितीये. तुला लागेल ना ट्रक, मागाहून."

हे तो दाराकडे बघत म्हणाला. खोटं बोलताना हा माणूस कधी समोर बघत नाही. कोर्टातही बघितलं नव्हतं.

"मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या आहेत. तुझं जाड जॅकेट आहे. तेही मलाच लागेल का रे?"

रॉइसने आणखी एक शेंग फोडली.

उद्या दुपारी त्याला तुरुंगाच्या फाटकावर आपल्या पायांनी हजर व्हायचं होतं. तीन वर्षांची शिक्षा. पीकविम्याचा पाहणी अधिकारी होता तो. कापसावर कधी न पडलेल्या गारा त्याने कागदावर पाडल्या होत्या. तोवर मोकळा होता तो ट्वायलाच्या आईच्या घरावर. जामिनाला तेच लावलेलं. हा उद्या पोचला नाही, की घर गेलं. म्हातारी या घडीला त्याच घरात टीव्हीसमोर पेंगत असणार, बिचारी.

मकेना नावाची वेट्रेस दोन ताटल्या घेऊन आली. हसरी पोर. "मधोमध कापून बघा हं काका, हवा तसा भाजलाय ना?"

रॉइसने सुरी चालवली. "छान आहे," म्हणाला. बघितलंसुद्धा नाही. मकेना गेली.

"आईला काय सांगू?" ट्वायला म्हणाली.

"कशाबद्दल?"

"घर रिकामं कर म्हणून."

त्याने काटा खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "रात्रभर चालवला ट्रक तर सकाळी सीमेपलीकडे, मेक्सिकोत असेन मी. मला भीती वाटते गं. तीन वर्षं म्हणजे काय, तुला नाही कळायचं. मरेन मी आत."

"मला नाही वाटत भीती? गेले चार महिने मी झोपलेय का, विचार एकदा." तिचा आवाज चढला, तशी सँडलिनबाई वळली. ट्वायलाने आवाज उतरवला. "जायचं तर जा. किल्ली तुझ्याच खिशात आहे. मी ओरडणार नाही, कुणाला फोन करणार नाही. फक्त आईला तूच सांग. ते काम माझ्यावर टाकू नकोस, हात जोडते."

रॉइसने ताटली बाजूला सारली. मग उठला. किल्ली हातात होती.

"जरा बाहेर जाऊन येतो."

"बरं," ट्वायला म्हणाली. आणखी काय म्हणणार?

तो दोन पावलं गेला असेल नसेल, एकदम टाळ्यांचा कडकडाट. स्वयंपाकघराकडून सात-आठ पोरंपोरी नाचतच आल्या. दोघांनी लाकडी घोडी उचलून आणली होती आणि तिच्यावर चामड्याचं खोगीर. इथे वाढदिवस असला की माणसाला त्यावर बसवतात आणि अख्खं हॉटेल आरोळी ठोकतं. मकेनाने ती घोडी नेमकी रॉइसच्या वाटेत आडवी ठेवायला लावली.

"मंडळी! आज रॉइसकाकांचा वाढदिवस!"

"माझा?" रॉइस गोंधळला. "माझा नोव्हेंबरात असतो."

सगळे हसले. त्याने वळून ट्वायलाकडे बघितलं.

"मीच सांगितलं होतं त्यांना, आत येताना," ती म्हणाली. "नोव्हेंबरात तू इथे नसणार, म्हटलं आजच करू. आता नको असेल तर राहू दे. जा तू."

आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला फुटलं. रुमाल सापडेना, तेव्हा कागदी नॅपकिनच डोळ्यांना लावला तिने.

"बसा की काका, लाजता काय!" मकेना म्हणाली.

घोडीला वळसा घालून गेलं की पुढे दारच होतं. काचेतून ट्रकही दिसत होता. सँडलिनबाईचा घास हातातच राहिला होता. साऱ्यांच्या नजरा अंगावर घेत रॉइस तिथेच उभा राहिला, इतका वेळ की टाळ्या थंडावल्या आणि मकेनाचं हसू कसनुसं झालं.

मग त्याने पाय टाकला आणि खोगिरावर बसला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. कसा दिसत असेल, ते बघायलाच नको.

"एक, दोन, तीन!" मकेना ओरडली, आणि अख्ख्या हॉटेलने आरोळी ठोकली. "यी-हाऽऽ!"

"झालं काका, उतरा आता!"

रॉइस उतरला नाही.

"अजून दोनदा ओरडा, पोरांनो," तो म्हणाला. "पुढच्या दोन वर्षांचे वाढदिवसही आजच उरकून टाकू."