उजवा थैला

नवा सायलेन्सर जुन्यापेक्षा जाड निघाला. जुना गंजून गळून पडला होता, आणि भैयाजीच्या लष्करी लिलावातल्या फटफटीला अस्सल भाग आर्वीत कुठून मिळणार? गुलाब मिस्त्रीने ट्रकची नळी कापून, वाकवून बसवली होती. पण ती नेमकी उजव्या थैल्याच्या पोटाखालून जात होती.

भैयाजी कापसाचा दलाल. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना बांधलेल्या चामडी थैल्यांत तो गावोगावचे नमुने आणायचा.

गुलाबने थैला आणि नळी यांच्या मधात बोटं घालून पाहिली.

"रिकामा हाय तवर लागत नाई. भरला का खाली बसंन. मधात पत्रा ठोकून देतो, उद्या येजो."

"आज नमुने नाई दाखवले तं सौदा गेला."

गुलाबने पट्टा ओढून थैला जरा वर घेतला. "मंग रस्त्यानं हात लावून पाह्यत जाजो."

खेड्यांतून कापसाचे नमुने भरून भैयाजीने वर्ध्याच्या जीनिंग कारखान्याची वाट धरली. नाल्यापाशी थांबून त्याने थैल्याला हात लावला. कोमट होता. पुढे बाभळीखाली थांबला, पुन्हा कोमट. उन्हाने की नळीने, ते कळेना. आणखी एकदा थांबला तेव्हा समोरून येणारा बैलबंडीवाला हसला. "फटफटी चालून नाई राह्यली का, भाऊ?" त्यानंतर भैयाजी जीनच्या फाटकापर्यंत थांबला नाही.

जीनचे व्यवस्थापक सदाशिवराव यांनी चिमटीत कापूस घेऊन धागा ओढून पाहिला आणि मान डोलावली. सौदा झाला. नमुने रिवाजाप्रमाणे अंगणातल्या कापसाच्या गंजीवर फेकले गेले. वर निवडत बसलेल्या बायांनी त्यावर आपली भरलेली गाठोडी रिकामी केली.

थैल्याचं झाकण लावताना भैयाजीचा हात आत गेला आणि तो दचकला. तळाशी अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. कडा अजून गरम होत्या. कोपऱ्यात कापसाचे चार काळे धागे चिकटले होते.

त्याने गंजीकडे पाहिलं. गंजी पांढरीशुभ्र होती. वर बाया बोलत होत्या. त्यांतली कांता तान्ह्या पोराला पाजत कापसाला टेकून बसली होती. सांगितलं, तर पुन्हा कुठल्याही जीनचं फाटक आपल्यासाठी उघडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि गंजीत काही नसलंच तर? त्याने झाकण लावलं. पट्टा आवळला. मग हात तसाच ठेवून तो सदाशिवरावांना म्हणाला,

"बायाईले खाली उतरवा."

"काऊन?"

"माह्या थैल्यातून जळता कापूस गेला असंन."

"गेला असंन, का गेलाच?"

"माईत नाई."

सदाशिवरावांनी मान उंच करून गंजी न्याहाळली. "धूर तं दिसत नाई."

"कापसाचा धूर मागून येते, रावसाहेब. आधी आग आतल्या आत सरकते."

 सदाशिवरावांनी सरकी काढणारे रेचे बंद करायला लावले. यंत्रांची घरघर थांबली तशा बाया आपणहून उतरल्या. कांता पोराला छातीशी धरून फाटकाबाहेर पळाली. फावड्याने उकरलं तर वारा लागेल, पाणी ओतलं तर सारा माल जाईल. म्हणून हातांनीच गंजी मोकळी करायचं ठरलं. कवेत मावेल तेवढा कापूस काढायचा, पसरायचा, चाचपायचा. भैयाजी सगळ्यांत पुढे होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. काही सापडू नये असं त्याला वाटत होतं, आणि न सापडलं तर रात्री गंजी पेटेल ही भीतीही होती.

निवडणाऱ्या बायांतली कमलाबाई खांद्यापर्यंत हात आत घालून होती, ती एकाएकी थांबली.

"भैयाजी, येथं गरम लागून राह्यलं."

तिने हळूच मूठ बाहेर काढली. पांढऱ्या कापसाच्या पोटात विडीच्या टोकाएवढा लाल ठिपका होता. तिने मूठ तशीच पाण्याच्या बादलीत बुडवली. बारीकसा आवाज झाला, एवढंच. कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. सदाशिवराव ओट्यावर बसले.

कमलाबाईने भाजलेला हात लुगड्याला पुसला.

"एकच ठिणगी होती का?" तिने विचारलं.

भैयाजीने गंजीकडे पाहिलं. अर्धी गंजी अजून तशीच उभी होती. कमलाबाईने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि पुन्हा खांद्यापर्यंत हात आत घातला.