पिठाच्या गोळ्या

ज्या भावाला नुसत्या पिठाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याचं कोलेस्टेरॉल निम्म्यावर आलं. ज्याला खरं औषध दिलं होतं, त्याचं तसूभरही हललं नाही आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दोघांच्याही पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. थोडं चाललं की पोटऱ्यांत गोळे येत. रुग्णालयात कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नव्या औषधाची चाचणी होती, तीत दोघांनी नावं घातली. औषध कोणाला आणि पीठ कोणाला, हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. गोळ्या दिसायला सारख्या, बाटल्यांवर फक्त क्रमांक, रक्ताचे अहवाल पाकीटबंद.

थोरले रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. घरात शेवटचा शब्द त्यांचा. धाकटा रंगारी, एकटा, भावाच्याच माडीवर राहणारा.

आज पाकिटं उघडली. गोळ्यांची अदलाबदल झाल्याखेरीज असं घडणं अशक्य आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. रुग्णालयात ती झालेली नाही, हे त्यांनी आधीच पडताळलं होतं.

वहिनी दिराकडे वळली. "भावोजी, मागितला असतात तर यांनी पायसुद्धा दिला असता. चोरायचं काय अडलं होतं?"

रंगारी भावाकडे पाहत राहिला. मास्तर चाकाच्या खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवत होते. संध्याकाळपर्यंत माडी रिकामी करा, असं वहिनीने बजावलं. 

"दादा म्हणत असेल, तर घेतल्या मी," रंगारी म्हणाला.

मास्तर तसं म्हणाले नाहीत. नाही, असंही म्हणाले नाहीत.

प्रत्येकाला विचारायचा म्हणून डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न विचारला: गोळ्यांचा काही त्रास झाला होता का? रंगाऱ्याने आठवून सांगितलं की अगदी सुरुवातीला मांड्या फार दुखायच्या. तेव्हा एका शाळेचं काम घेतलं होतं, दिवसभर शिडीवर चढ-उतार, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. दादाला फक्त दुखण्याचं सांगितलं होतं, शिडीचं नाही. दादा म्हणाला होता, स्नायू दुखणं हीच खऱ्या औषधाची खूण, नशीब काढलंस.

त्या दिवसापासून, खरं औषध आपल्या पोटात जावं म्हणून, मास्तर दर नव्या बाटलीतल्या आपल्या गोळ्या धाकट्याच्या बाटलीत भरत आले होते, आणि त्याच्या आपल्या बाटलीत.