एका दमात

"एक श्वास घ्या आणि त्या एकाच श्वासात जमतील तितके आकडे मोठ्याने मोजा," डॉक्टर म्हणाले.

दत्ताराम हॉस्पिटलच्या खाटेवर ताठ बसला. शुक्रवारी कबड्डीचा नवा हंगाम सुरू होणार होता आणि पहिली मॅच त्याला घरी बघायची होती.

त्याच्या बायकोला, शालनला, ही मॅटवरची कबड्डी रुचत नसे. तिला मातीवरची जुनी कबड्डी आठवे: एक चढाई, एक दम. दम तुटला की पंचाच्या आधी तीच ओरडायची. लग्नाआधी दत्तारामलाही तिने असंच बाद करवलं होतं.

त्याचे आकडे पंचविसाच्या पुढे गेले. "छान! उद्या घरी," डॉक्टर म्हणाले. दत्तारामने शालनला डोळा मारला.

त्याने मध्येच चोरून घेतलेला श्वास तिने ऐकला होता. ती पिशवीचा बंद पिळत राहिली.

"डॉक्टर, यांचा दम तुटला होता. परत मोजायला सांगा."

"मला घरी न्यायचं नाही वाटतं?"

"न्यायचंय हो. म्हणून तर."

दुसऱ्यांदा तो आठवरच धापा टाकू लागला. नर्स मास्क घेऊन धावली.

तो कसाबसा म्हणाला, "मॅच आता तूच बघ."