लाथबिथ काही नाही

शाळेच्या पटांगणात दौलतच्या सत्काराला सरपंच माइकवरून गरजत होते, "सराव शिबिरातल्या आपल्या चौघांपैकी तिघं उत्तेजकाच्या तपासणीत सापडले. एकट्या आपल्या दौलतनं त्या ताकदीच्या इंजेक्शनला लाथ मारली आणि स्वतःच्या दमावर सायकलची शर्यत जिंकली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंचांनी फाटकाकडं बोट केलं. "नाहीतर हा जयसिंग. चार वर्षांची बंदी! गावाचं नाक कापलं."

फाटकापाशी जयसिंग मान खाली घालून उभा होता. तो दौलतचा लहानपणापासूनचा जोडीदार. महिनाभर गावात त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं, आणि त्यानंही सायकलला हात लावला नव्हता.

दौलत माइकपाशी गेला.

"सरपंच, मी लाथबिथ काही मारली नाही," तो म्हणाला. "मीसुद्धा बाही वर करून बसलो होतो. सुई बघितली आणि चक्कर येऊन पडलो. शुद्धीवर आलो, तोवर इंजेक्शन देणारा निघून गेला होता. माझ्यात आणि जयसिंगमध्ये फरक एवढाच, की तो सुईला घाबरत नाही."

बायकांमधून खुदकन हसू फुटलं आणि बघता बघता सरपंचही हसायला लागले.

गर्दी पांगल्यावर जयसिंग जवळ आला. "येड्या, सांगायची काय गरज होती? आयता मोठा झाला होतास की."

"व्हय. पण महिनाभर घाटात एकटाच सायकल मारतोय," दौलत म्हणाला. "लई कंटाळा आलाय. उद्या साडेपाचला ये."