कागदाला न शिवणारी बुरशी

कागद पुन्हा शाबूत होता. तिने काचेचा चंबू उजेडाकडे धरला. पांढरी बुरशी नुसती माजली होती आणि तिच्या मधोमध कागदाचा तुकडा, कालच ठेवल्यासारखा कोरा. खरं तर ही जंगलातल्या मातीतली अट्टल खादाड बुरशी. गळलेली पानं असोत की काटक्या, ती आधी अंगातून विकरं, म्हणजे पाचक रस, बाहेर सोडते, सगळं बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. पहिल्या वर्षी या बुरशीने अशा कागदांचा बघता बघता लगदा केला होता. मग कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. तेव्हापासून नुसतं पालथ्या घड्यावर पाणी.

विकरं नाहीत म्हणजे प्रबंधाचं शेवटचं प्रकरण नाही. प्रकरण नाही म्हणजे सुटका नाही. लेक दुसऱ्या शहरात, सासूबाईंपाशी. ती चालायला लागली तेही हिने फोनवरच पाहिलं. इथे तळघरातली ही प्रयोगशाळा, खांदा लावल्याशिवाय न उघडणारं दार, आणि सर. सर वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. प्रत्येक मुदतवाढ त्यांनीच मिळवून दिली होती. बुरशीचं पोषणद्रव्यही हल्ली तेच कालवून द्यायचे. "तू वाचन कर गं, ही हमाली माझ्याकडे दे," म्हणायचे. ती त्यांची शेवटची विद्यार्थिनी. ती गेली की सर निवृत्त आणि तळघराला कुलूप. इथे तिचा जीव गुदमरायचा, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटायची.

फोन वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, तुझी लेक ताटाला शिवत नाही आणि गाल मात्र फुगतायत. म्हटलं, ही जगते तरी कशावर? आज पकडलं शेवटी. तुझे सासरे गुपचूप बिस्किटं चारतात तिला. मग ती वरणभाताकडे बघेल कशाला?"

ती हसली. हसता हसता तिची नजर चंबूवर गेली. बुरशी गुबगुबीत, कागद शाबूत. मग ही जगते कशावर?

आयती साखर मिळाली की बुरशी विकरं गाळायचे कष्ट घेत नाही, हे तर पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण इथे साखर येणार कुठून? सरांच्या टेबलावर त्यांचं रक्तातली साखर मोजायचं यंत्र पडलेलं होतं. सकाळीच त्यांनी कालवून ठेवलेल्या द्रव्याचा एक थेंब तिने त्याच्या पट्टीवर टाकून पाहिला. यंत्राने चांगला घसघशीत आकडा दाखवला.

सर दारातच उभे होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे.

"तू गेलीस की मला कुठे जायला कारणच उरत नाही," ते म्हणाले. "घरी नुसत्या भिंती आहेत गं."

तिच्या डोक्यात सणक गेली. लेकीचं पहिलं पाऊल या माणसाच्या एकटेपणापायी हुकलं होतं. चंबू भिंतीवर फोडावा म्हणून तिने हात उचललासुद्धा. मग तो तसाच थांबला. ती फळीवरच्या चंबूंच्या रांगेकडे बघत राहिली.

"सर, किती घालत होतात?"

"काय?"

"साखर. मूठभर, चिमूटभर, हाताला येईल तशी?"

सरांची मान ताठ झाली. चोरी पकडली गेली तेव्हा दुखावले नव्हते तेवढे ते आत्ता दुखावले.

"काहीतरीच काय बोलतेस? लिटरला पाच ग्रॅम ग्लुकोज. दर वेळी, काट्यावर तोलून. अंदाजपंचे काम केलंय का मी कधी?"

ती खाली बसली. पहिल्या वर्षी साखर नाही, कागदाचा लगदा. नंतर मोजून साखर, कागद शाबूत. बुरशी तीच, कागद तोच, तापमानही तेच. फरक फक्त साखरेचा, तोही काट्यावर मोजलेला; साखर या बुरशीची विकरं बंद पाडते, याचा इतक्या वर्षांचा प्रयोग आयताच झालेला होता. तिने लॅपटॉप पुढे ओढला.

"मग झालं, सर," ती म्हणाली. "माझं शेवटचं प्रकरण तुम्हीच पूर्ण केलंत."